गवताशेजारी कोण?

"काय गं, सकाळी सकाळी टेम्पो लागला होता तुमच्या दारात. एवढं काय उतरवलंत? मला वाटलं, नवा सोफा आला."

"सोफा कसला काकू, गवत आलंय."

"गवत? विकतचं?"

"हसा आता. या ना इकडे भिंतीशी, दाखवते. हे जांभळ्या पात्याचं, ते फाउंटन ग्रास. हिरव्यावर पिवळे आडवे पट्टे आहेत ते झेब्रा ग्रास. आणि हा वाळा, हा काही तुम्हाला सांगायला नको."

"वाळा आपला. बाकीचे दोघे पाहुणे. आमच्या साताऱ्याकडं कुणी म्हटलं असतं की सुनेनं गवत विकत आणून दारात लावलं, तर सासऱ्यांनी आधी डॉक्टरला बोलावलं असतं. पेंड्या विकत घ्यायच्या त्या म्हशीसाठी. बरं, हे सगळं जाणार कुठं?"

"ही काय, आपल्या दोघींच्या मधली पट्टी. फाटकापासून थेट मागच्या नळापर्यंत. म्हणून तर मेंदी काढून टाकली."

"मेंदी काढलीस ते मी पाहिलं. समोरच्या कर्नलसाहेबांनीही पाहिलं. आमच्या ह्यांना फिरायला जाताना विचारत होते, त्यांच्याकडं वाळवी लागली का म्हणून."

"लागली खरी, पण माझ्या डोक्याला, आणि लावली लेकीनं! असते न्यू जर्सीला, सुट्टीच्या दिवशी न्यूयॉर्कला हाय लाइनवर फिरायला जाते आणि मला फोटो पाठवते. मॅनहॅटनमधली जुनी रेल्वेलाइन आहे ती, खांबांवरून जाणारी, म्हणजे आपल्या उड्डाणपुलासारखी उंचावर. १९८० ला शेवटची मालगाडी गेली आणि मग तशीच पडून राहिली. रुळांमध्ये गवत माजलं, रानफुलं आली. पाडून टाकायला निघाले होते, पण लोकांनी वाचवली आणि २००९ पासून तिथं बाग सुरू केली. झाडांची आखणी केली ती पीट औडॉल्फ नावाच्या डच माणसानं."

"म्हणजे आपोआप उगवलेलं गवत काढलं, आणि पैसे देऊन माणूस आणून पुन्हा गवतच लावलं?"

"काकू!"

"चिडू नकोस. मला आवडलं ते. तुझी अडचण काय आहे, ते सांग."

"अडचण अशी की नुसतं गवत लावलं तर वैरणीचा वाफा दिसेल. मध्ये फुलझाडं हवीत. लेकीनं यादी पाठवलीय. एकिनेशिया, अ‍ॅस्टर, सेडम आणि कार्ल फोर्स्टर नावाचं आणखी एक गवत. हे फोर्स्टर म्हणे जर्मनीत पॉट्सडॅमजवळ रोपवाटिका चालवायचे, सगळा जन्म बारमाही फुलं आणि गवतं करण्यात घालवला. पण नर्सरीवाला माझी यादी बघून म्हणाला, ताई, यातलं काही नाही, ड्वार्फ इक्झोरा देऊ का?"

"तो काय, श्राद्धालाही इक्झोराच देईल. पण त्याच्याकडं नाही तेच बरं झालं. अगं, त्यांचं वर्ष वेगळं, आपलं वर्ष वेगळं. तिथं गवत कधी वाळतं?"

"ऑक्टोबर-नोव्हेंबरात रंगतं, मग वाळतं. सगळा हिवाळा बर्फात तसंच उभं ठेवतात आणि मार्चमध्ये कापतात. लेक सांगत होती, कापायला गावातले लोक हौसेनं जातात."

"बघ. त्यांचा मार्च म्हणजे आपला मृग. आपलं गवत जूनमध्ये फुटतं, गणपतीत कमरेला लागतं, दसऱ्याला तुरे धरतं आणि दिवाळीनंतर सोनेरी व्हायला लागतं. पुढं मेपर्यंत उन्हात खडखडतं. तेव्हा गवताला सोबत शोधायची ती ह्या हिशेबानं. जूनमध्ये गवत बोटभर असताना तिथं कोण दिसणार, श्रावण-भाद्रपदात ते माजल्यावर कोण टिकणार, थंडीत ते वाळल्यावर कोण फुलणार, आणि मे महिन्यात कापल्यावर त्या बोडक्या जागेत कोण उभं राहणार. ही चार उत्तरं मिळाली की तुझी यादी झाली. फोटोतली नावं फोटोतच राहू दे."

"थांबा, मोबाइलवर लिहून घेते."

"लिही. जूनसाठी रेन लिली. कांदे आत्ताच पेर, गवताच्या पुढच्या बाजूला, पाच-पाच, सात-सातच्या पुंजक्यानं. उन्हाळाभर मातीत निपचित असतात, आणि पहिले दोन जोरदार पाऊस झाले की पांढरी, गुलाबी फुलं एकदम वर. तेव्हा गवत वीतभर असतं, त्यामुळं फुलं दिसतात. पुढं गवत वर आलं तरी लिलीचं काही बिघडत नाही, तिचं काम झालेलं असतं."

"आणि फुटबॉल लिली? आमच्या सासूबाईंची एक कुंडी आहे."

"ती तर मे संपतानाच फुलते. घाल की. पण तिचं पान रुंद आहे, नंतर सावली धरतं, तिला नळाच्या बाजूला ठेव. मग आला श्रावण. तिथं तेरडा. गुलाबी, दुहेरी पाकळ्यांचा कुंडीतला नको, साधा रानातला. आमच्याकडं गौरी तेरड्याच्याच. बाजारात पेंडी किती महाग झालीय बघितलंस ना मागच्या वर्षी?"

"बघितलंय. आणि सुकलेला!"

"दारातला असला म्हणजे तो प्रश्न मिटतो. तेरड्याजवळ कुर्डू. कुर्डू माहितीय ना? पांढरी-गुलाबी निमुळती कणसं, रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर. लोक तण म्हणून उपटतात. त्याची कोवळा असताना भाजी करतात, आणि गवतात उभा असला की गवताच्या तुऱ्यांत असा मिसळतो की कुठलं कणीस कुणाचं ते कळत नाही. जांभळ्या फाउंटनशेजारी कुर्डू लाव, मग मला बोलव."

"कर्नलसाहेब म्हणतील, तण लावलं."

"त्यांच्या हिरवळीत गाजरगवत येतं त्याचं काय? ते तर म्हणे १९५५ च्या सुमारास आपल्या पुण्यातच पहिल्यांदा दिसलं, आणि मग देशभर पसरलं. पुण्यानं देशाला काय काय दिलं! ते मात्र उपटायचंच, फुलायच्या आत, आणि हातमोजे घालून. अंगावर उठतं."

"बरं, झेंडू?"

"आषाढात रोपं टाक, दसऱ्याला तोरण तुझ्याच बागेतलं. मागच्या रांगेला पिवळा कॉसमॉस, तो तर पुण्याच्या रस्त्याकडेनं स्वतःच फिरत असतो. एकदा पेरला की पुन्हा पेरायला लागत नाही. पण एक ध्यानात ठेव, कॉसमॉसची फक्त चार झाडं राहू द्यायची, बाकीची रोपं लहान असतानाच काढायची. नाहीतर दुसऱ्या वर्षी गवत शोधावं लागेल."

"कळलावी? ती तर पावसाळ्यात फार सुंदर दिसते."

"अगं, तिच्यासाठी तर गवत हवंच असतं. जवळून बघितलीयस कधी? पानाचं टोक असं लांब होऊन मुडपतं, आणि तेच टोक शेजारच्या काडीला विळखा घालतं. वेगळा तणावा नाही, दोरी नाही, पानानंच धरून वर चढते. वाळ्याचं खोड तिला अगदी पुरतं. ऑगस्टमध्ये पिवळी-तांबडी फुलं, पाकळ्या उलट्या वळलेल्या, ज्योतीसारख्या. पण कंद विषारी, जिवावर बेततं. नातू येणार आहे ना तुझा दिवाळीत?"

"हो, दोन वर्षांचा आहे."

"मग ह्या वर्षी नको. तो शहाणा होईपर्यंत माझ्या मागच्या कोपऱ्यात राहू दे, तू भिंतीवरून बघ."

"म्हणजे तुमच्याकडे आहे! कधी बोलला नाहीत."

"विचारलंस कधी? पुढं लिही. दिवाळीनंतर कोरांटी. जांभळी घे, पिवळीला काटे असतात, गवत कापताना हाताला लागतात. थंडीत गवत सोनेरी झालेलं असतं, त्याच्यापुढं जांभळी कोरांटी म्हणजे, काय सांगू, डोळे निवतात. आणि बाराही महिने राहायला सदाफुली, पांढरी. तिला ना पाणी लागतं, ना खत, ना लाड. मे महिन्यात गवत कापलं की ती एकटी किल्ला लढवते. तिच्याबरोबर चार कोरफडी ठेव, म्हणजे पट्टी बोडकी दिसायची नाही."

"आणि गुलाब? एक रांग गुलाबाची घालायची होती."

"नको बाई! कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडं काय झालं ते ठाऊक नाही का तुला?"

"काय झालं?"

"त्यांनी पम्पास लावलं, ते उंच पांढऱ्या तुऱ्यांचं, लग्नाच्या सजावटीत वाळलेलं असतं ते. आणि मध्ये गुलाब. आता गुलाब म्हणजे खादाड. शेणखत हवं, शेंगदाण्याची पेंड हवी, दर आठवड्याला काहीतरी हवंच. बाईंनी सगळं केलं, हात सैल त्यांचा. ते सगळं गवतानंही खाल्लं. पोट भरलेलं गवत उभं राहत नाही गं, नुसतं पातंच पातं, मग पावसाच्या पहिल्या झडीला आडवं, ते थेट गुलाबांवर. बाई हात घालून गुलाब सोडवायला गेल्या. पम्पासच्या पात्याची कड करवतीसारखी. दोन्ही हात कोपरापर्यंत ओरखडलेले, आणि मंगळागौरीला आल्या त्या लांब बाह्यांचं ब्लाउज घालून."

"तरीच! आम्ही म्हटलं, नवी फॅशन."

"म्हणून सांगते, एका पंगतीला बसतील अशीच झाडं गवताशेजारी लावायची. ज्यांची भूक सारखी, ज्यांना पाणी सारखं. गवताला खत देऊ नये, लागवडीच्या वेळी थोडं शेणखत मातीत घातलं की बास. मग त्याच्या शेजारीही कमी खाणारी माणसं हवीत. सदाफुली, कुर्डू, कॉसमॉस, कोरांटी, ही सगळी गरीब मातीत खूश. शेवंतीलाही म्हणूनच कुंडीतच ठेव, तिला खायला लागतं आणि आधारही लागतो."

"पण कासला तर गवत आणि फुलं सगळी एकत्र असतात ना? मागच्या वर्षी आम्ही गेलो होतो. गर्दी एवढी, की फुलांपेक्षा सेल्फीच जास्त."

"तेच तर सांगते. कासला माती किती? काही ठिकाणी चार बोटंसुद्धा नाही, खाली नुसता जांभा. त्या एवढ्याशा मातीत गवताला माज करायला जागाच मिळत नाही, म्हणून सोनकीला, तेरड्याला, गेंदाला, त्या इवल्याशा सीतेच्या आसवांना ऊन मिळतं. तो युनेस्कोचा शिक्का २०१२ साली बसला, आम्ही लहानपणी गुरं घेऊन जाणाऱ्यांबरोबर जायचो. तिथली माती श्रीमंत असती ना, तर नुसतं कुरण दिसलं असतं."

"म्हणजे माझी पट्टी गरीबच ठेवायची."

"बरोबर. आणि सगळी एकसारखी समजू नकोस. फाटकाची बाजू कोरडी, दिवसभर ऊन. तिथं फाउंटन, सदाफुली, कुर्डू. जांभळा रंग उन्हातच खुलतो, सावलीत मळकट हिरवा होतो. मधल्या भागात झेब्रा, त्याला थोडं पाणी जास्त लागतं, तिथं तेरडा आणि झेंडू. आणि नळाची बाजू कायम ओली, नाही का? तुमचा नळ गळतो."

"प्लंबर येतो येतो म्हणतोय."

"प्लंबर आणि पाऊस, दोघंही येतात तेव्हा एकदमच येतात. नळाशी वाळा लाव. त्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, दहा-दहा फूट. म्हणून तर बांधावर माती धरायला लावतात. शेजारच्या झाडाच्या ताटात हात घालत नाही तो. त्याच्यापुढं सोनटक्का लाव. ओल आवडते त्याला, दुपारनंतरची सावलीही चालते, आणि वाळ्याच्या बारीक पात्यापुढं सोनटक्क्याचं रुंद पान किती छान दिसतं. गवताशेजारी नेहमी एखादं रुंद पान हवं. बारीक शेजारी बारीक लावलं की सगळा गुंता दिसतो."

"कर्दळ चालेल?"

"चालेल, पण नळाकडंच. तिला तहान फार. फाटकाशी लावलीस तर एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपतील, आणि तिच्यासाठी पाणी सोडलंस तर फाउंटन लोळेल."

"अंतर किती ठेवू?"

"आत्ता एवढूशी रोपं बघून जवळ जवळ लावशील, तसं करू नकोस. जांभळं दोन-अडीच फूट, वाळा तीन फूट. आणि फुलझाडं गवताबरोबरच लाव, ह्याच पावसात. नंतर लावू म्हटलंस तर दोन वर्षांत गवताच्या मुळांची अशी चटई होते की खुरपं आत जात नाही. नवं रोप त्यात लावलं की तहानेनं मरतं. गवताच्या बुडापासून एक वीत जागा मोकळी सोड. दोन-तीन वर्षांनी ठोंबाच्या मध्ये टक्कल पडतं. तेव्हा रोहिणीत पहार घालून ठोंब उकरायचं, कोयत्यानं फोडायचं, बाहेरचे ताजे फुटवे पुन्हा लावायचे, मधलं म्हातारं टाकून द्यायचं."

"म्हातारं म्हणू नका हो."

"मी नाही, गवत म्हणतं तसं. आणि एक, सात प्रकारची सात झाडं आणू नकोस. तुम्ही मुली नर्सरीत गेल्या की एक हे, एक ते, एक ते पण. तीन-चार जातीच घे, आणि त्याच पुन्हा पुन्हा येऊ देत. पाच सदाफुल्या इथं, पाच तिथं. नाहीतर बाग न दिसता प्रदर्शन दिसतं, आणि प्रदर्शन जानेवारीत एम्प्रेस गार्डनला असतंच, तिकीट काढून जाऊ दोघी."

"नक्की. काकू, आणि टेकडीवरचं ते तांबूस गवत? ते पण आणायचं म्हणत होते. फुकट आहे."

"ते कुसळी. दिसतं देखणं, पण फाटकाशी नको. कुसळ बघितलंस का कधी नीट? वाळलेलं असताना त्याला पीळ असतो. आम्ही लहानपणी तळहातावर घेऊन त्याच्यावर थुंकीचा थेंब ठेवायचो. भिजलं की पीळ सुटायला लागतो आणि ते हातावर गर्रकन फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ घेतं. पाऊस-ऊन, पाऊस-ऊन, असं फिरत फिरत बी स्वतःला मातीत खुपसून घेतं. मातीत खुपसतं तसंच पोस्टमनच्या मोज्यात खुपसतं, कर्नलसाहेबांच्या लॅब्राडोरच्या पंज्यात खुपसतं. आणि मग ते आपल्या दारात येतील, कुत्रा घेऊन."

"नको नको. मग देशी काहीच नको?"

"रोशा लाव. आमच्या नणंदेकडं नंदुरबारला, खानदेशात रोशाचं तेल काढायचे, साबणात, अत्तरात जायचं. पातं चुरगाळलं की गोड, गुलाबासारखा वास येतो. तुझी गुलाबाची हौस फिटेल, आणि पेंड घालायला नको. तुरे तांबूस येतात थंडीत. त्याच्याबरोबर ती जांभळी कोरांटी, बास."

"हे मात्र छान सांगितलंत. काकू, सगळं ठीक, पण डिसेंबरात वाळल्यावर लोक म्हणतील, हिनं पाणी घातलं नाही."

"म्हणू देत. माळीबुवांना मात्र आधीच बजावून ठेव. गवत सोनेरी झालं की ते आपणहून विळा घेऊन येतील, वाळलंय बाई, साफ करतो म्हणून. त्यांना चहा द्यायचा आणि परत पाठवायचं. त्या तुऱ्यांवर मुनिया येतात, एका काडीला लोंबकळून बी खातात, कधी अख्खा तुरा तोडून घरट्याला नेतात. नातवाला दाखवायला तेवढं पुरे. फक्त दिवाळीच्या चार दिवसांत पट्टीवर पाण्याचा फवारा मार, कुणाचं रॉकेट कुठं पडेल सांगता येत नाही. कापायचं ते मेच्या शेवटी. आधी सुतळीनं ठोंब आवळून बांधायचं, मग बांधलेलं तसंच एकदम कापायचं, वीतभर ठेवून. पेंडी आपोआप तयार. पाती अंगणभर उडत नाहीत."

"आणि त्या पेंडीचं काय करायचं?"

"वाळ्याची पाती झाडांच्या अळ्यात पसर, ओल टिकते. झेब्र्याची म्हैस असलेल्याला दे. विकतचं गवत म्हटल्यावर म्हशीलाही बरं वाटेल."

"तुम्ही ना काकू! बरं, माळीबुवा रविवारी येतायत."

"मग रविवारी खड्डे घेऊन ठेव, मृगाच्या आत. आणि त्या वाळ्याच्या पिशवीत फुटवे जास्त दिसतायत, दोन इकडे भिंतीवरून दे. माझा माठाचा वाळा गेल्या वर्षी संपला."

"घ्या की. पण फुकट नाही हं. तेरड्याचं बी द्यायचं मला."

"बी कशाला मागतेस? गौरी झाल्या की तेरड्याच्या बोंडांना नुसता वारा लागला तरी फुटतात, बी फटाफट उडतं. तुझी ही चार फुटांची भिंत त्याला अडवणार आहे थोडीच!"